बाईंची सही

काल अकोल्यात पोस्टरं चिकटवायला मैद्याची खळ शिजवली आणि त्या गरम, आंबूस वासानं मला अमरावतीजवळच्या माझ्या शाळेत नेलं; तिथलं भित्तिपत्रक आम्ही अशाच खळीनं चिकटवायचो.

मुलींच्या संडासाला कायम कुलूप असतं, असं मी भित्तिपत्रकात लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी ते आमच्या मराठीच्या बाईंना फाडायला सांगितलं. बाई एरवी माझी धारदार वाक्यं स्वतःच खोडायच्या. त्या दिवशी त्यांनी लेख पुन्हा वाचला.

"खोटं हाय काय यात?"

"नाही बाई."

"मंग फाडू काहून?" म्हणत त्यांनी माझ्या नावाखाली आपली सही केली.

"बाई, पार जंगलात, धारणीले बदली होईल," मुख्याध्यापक म्हणाले.

"जातो ना सर. तिथंबी भिंती असतीनच."

तेव्हा लेख टिकल्याचाच आनंद होता. आज माझी पोस्टरं फाडली जातात, तेव्हा कळतं, बाईंनी त्या सहीत काय पणाला लावलं होतं. मी त्यांची विद्यार्थिनी आहे, हे ताठ मानेनं सांगते.