सावळीरामचे उपाशी दिवस

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, बसथांब्यामागच्या गल्लीत, सावळीरामचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना होता. हंगामात द्राक्षांची आणि डाळिंबांची खोकी, एरवी नटबोल्टांची. कारखाना बरा चालला होता. सावळीराम मूळचा सायखेड्याचा, खात्यापित्या बागायतदाराचा मुलगा. अंगानं भरलेला, स्वभावानं मऊ. धंदा कसा सुरू केलात, असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि ती काही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं त्यालाही कधी वाटलं नव्हतं.

मग शेजारच्या पावडर कोटिंगवाल्यानं त्याला 'उद्योगभरारी' मंडळात नेलं. हे मंडळ रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात जमायचं. आधी उपमा, मग चहा, मग दोघातिघांनी उठून आपापला प्रवास सांगायचा. पहिल्याच रविवारी एक पाइपांचा व्यापारी उठला. तो नाशकात अनवाणी आला होता. त्यानंतर एसी दुरुस्त करणारा उठला. तो एका वडापावाचे दोन भाग करून अर्धा सकाळी आणि अर्धा संध्याकाळी खायचा. तिसऱ्याला भर पावसात घरमालकानं ट्रंकेसकट बाहेर काढलं होतं. प्रत्येकाच्या शेवटी टाळ्या, आणि टाळ्यांच्या शेवटी डोळे पुसणं. अख्ख्या हॉलमध्ये एकाचाही बाप बरा कमावणारा निघाला नाही.

सावळीरामची पाळी आली तेव्हा तो उठला आणि खरं ते सांगून बसला.

"वडिलांनी घेऊन ठेवलेला प्लॉट होता. त्यावर शेड टाकली. बायकोच्या भावाची सटाण्याला डाळिंबं, त्याला खोकी लागायची. ती द्यायला लागलो. मग त्याच्या ओळखीनं बाकीचे आले."

हॉलमध्ये कपबशा गोळा करणाऱ्याचा तेवढा आवाज आला. पाइपवाल्यानं त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी तेराव्याला पेढे वाटणाऱ्याकडे बघतात.

बाहेर पार्किंगमध्ये हर्षलनं त्याला गाठलं. हर्षल मंडळाचा प्रशिक्षक. पूर्वी तो घरोघर पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. ती फारशी खपली नाहीत, तेव्हापासून तो लोकांना यशस्वी कसं व्हायचं ते शिकवत होता. त्यानं सावळीरामच्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, तुमच्या प्रवासात खड्डा नाहीये."

"होता की," सावळीराम म्हणाला. "शेडच्या पुढंच. गेल्या वर्षी मुरूम टाकून बुजवला."

"तसा नाही, सर. संघर्षाचा खड्डा. माणूस आधी खाली गेला पाहिजे, तरच वर आलेला दिसतो. तुम्ही उपाशी कधी झोपलात?"

सावळीरामनं मनापासून आठवून बघितलं. "संकष्टीला चंद्र ढगात असला की उशीर होतो जेवायला. पण झोपलो असं नाही."

"धंद्याच्या सुरुवातीला कुठं राहत होतात?"

"आत्याकडं. इथंच, श्रमिकनगरला."

हर्षलनं हार मानली नाही. दोन-तीन बैठका त्यानं सावळीरामला खरवडला, आणि शेवटी तळाशी काहीतरी हाताला लागलं. आत्या आणि तिचे यजमान एकदा लग्नाला सायखेड्याला गेले होते आणि घराची किल्ली सावळीरामकडून हरवली. त्या रात्री तो शेडमध्ये पुठ्ठा अंथरून झोपला. हॉटेलं बंद झाली होती, म्हणून ग्लुकोजच्या बिस्किटांवर भागवलं. दुसऱ्या दिवशी किल्ली विजारीच्याच खिशात सापडली.

"किल्लीचं राहू द्या," हर्षल म्हणाला. "पुठ्ठा आणि बिस्किटं घ्या."

पुढच्या रविवारी सावळीराम पुठ्ठा आणि बिस्किटं घेऊन उभा राहिला. सुरुवातीला आवाज कापला. पण तो संकोचानं कापतो आहे हे कुणाला कळलं नाही. लोकांना वाटलं, जुनी जखम उघडली. टाळ्या पडल्या. पाइपवाल्यानं जागेवरून उठून मिठी मारली. सावळीरामला घरी जाईपर्यंत कानात त्या टाळ्या ऐकू येत होत्या.

गोष्ट अशी चीज आहे की ती एकदा घराबाहेर पडली की तिला पाय फुटतात. त्या एका रात्रीचा महिना झाला आणि महिन्याचं वर्ष झालं. पुढं बिस्किटंही संपली. इंजिनिअरिंग कॉलेजात बोलताना सावळीराम नळाचं पाणी पिऊन झोपत होता. समाजाच्या मेळाव्यात तर त्यानं नात्यागोत्यालाही सोडलं नाही. "जवळची माणसंसुद्धा दार लावून घेतात," तो म्हणाला, आणि त्यानं खरोखरच डोळे पुसले. लग्न त्यानं गोष्टीत घेतलंच नाही. बायको असली की पुठ्ठ्यावर झोपणं जरा अवघड जातं, असं हर्षलचं मत होतं. सावळीरामनं अर्ध्या बाह्यांचं जाकीट शिवून घेतलं. कुणी नुसतं 'नमस्कार' म्हटलं तरी तो क्षणभर दूर कुठंतरी बघून मग 'नमस्कार' म्हणायला लागला.

इकडं कारखाना त्याची बायको मैना बघत होती. तशी ती पहिल्यापासूनच बघायची, फक्त आधी सावळीराम मधूनमधून सल्ला द्यायला असायचा. आता तोही नसल्यामुळं कामाला वेग आला. नटबोल्टांची खोकी तिनं कमी केली आणि मिठाईवाले, चिवडेवाले धरले. एकदा सावळीराम दोन भाषणांच्या मधे कारखान्यात डोकावला, तर एक अनोळखी गृहस्थ ऑफिसात बसून खोक्यांचे नमुने बघत होते.

"हे कोण?" गृहस्थांनी मैनाला विचारलं.

"आमचे मालक," मैना म्हणाली. "भाषणं करतात."

सावळीरामनं दूर कुठंतरी बघितलं आणि नमस्कार केला.

सगळं असं सुरळीत चाललं असतं. पण मेळाव्यातल्या भाषणाची चित्रफीत कुणीतरी मोबाइलवर सोडली आणि फिरत फिरत ती श्रमिकनगरच्या महिला भजनी मंडळाच्या ग्रुपवर जाऊन पडली. त्या मंडळात टाळ वाजवायला तानुबाई होती. तानुबाई म्हणजे सावळीरामची आत्या, वडिलांची सख्खी बहीण. तिच्या यजमानांनी, म्हणजे सावळीराम ज्यांना मामा म्हणायचा त्यांनी, सातपूरच्याच एका कंपनीत पाळ्या करत जन्म काढला. त्या दोन खोल्यांच्या घरात सावळीराम मैनाला नाशकात आणून बिऱ्हाड मांडण्याआधी राहिला होता, जेवला होता, आणि जाताना अंगानं पहिल्यापेक्षा रुंद होऊन गेला होता.

भजनाच्या वेळी शेजारीण हळूच म्हणाली, "तानुबाई, हा तुमचा भाचाच ना? नळाचं पाणी पिऊन झोपायचा म्हणतो. तुम्ही तेव्हा गावी होता का?"

तानुबाईनं टाळ खाली ठेवला. त्या दिवशी भजन बिनटाळाचंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाचा फोन वाजला. बोलणं फार झालं नाही. फोन ठेवून मैना सावळीरामला म्हणाली, "आत्याबाईंचा होता. तुम्ही तिकडं जाऊन या."

"काय म्हणाली?"

"काहीच म्हणाल्या नाहीत. म्हणून सांगते, जाऊन या."

"मैना, अगं ते भाषणात थोडं वाढवून बोलावं लागतं. तुला नाही कळायचं."

मैना सटाण्याची. राग आला की तिची भाषा माहेरी जायची. "माले सर्व माहीत शे," ती म्हणाली आणि वजनकाट्याकडं निघून गेली.

सावळीराम मिठाईचा पुडा घेऊन श्रमिकनगरला गेला. तानुबाईनं दार उघडलं, पुडा घेतला, कोनाड्यात ठेवला. रागावली नाही, रडली नाही. पाट मांडला आणि ताट वाढलं. बाजरीची भाकरी, मुगाची आमटी, वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा. सावळीराम घरून जेवून आला होता. पण बोलायची सोय नव्हती. एक भाकरी संपली की दुसरी पडत होती.

"आत्या, पुरे."

"खा. उद्या सांगशील, आत्यानं पाणी पाजून लावून दिला."

"अगं तसं मी नाव नाही घेतलं कुणाचं."

"जवळची मान्सं दार लावून घेत्यात म्हनला. नाशकात तुझ्या जवळचं दुसरं कोन व्हतं रं, सावळ्या?" तिनं तिसरी भाकरी वाढली. "सकाळपाळीवरनं येताना तुझं मामा तुझ्यासाठी कोंबडीचं मटण घेऊन यायचं. त्यास्नी जाऊन दोन वर्षं झाली. ते काय आता सांगायला यायचं न्हाई, की बाबांनो, मी पोराला खाऊ घातलं व्हतं."

सावळीरामनं तिसरी भाकरी मोडली. पाणी मागायचीही त्याला लाज वाटली.

"आता कुठं हाय तुझं भाषण?" तानुबाईनं विचारलं.

त्यानं सांगितलं. मंडळाचा वार्षिक मेळावा होता, मोठ्या सभागृहात.

"मी येते. पुढं बसायला जागा ठेव."

मेळाव्याला ती आली. इस्त्रीचं लुगडं, हातात पिशवी, डोक्यावर पदर. पहिल्या रांगेत, पाइपवाल्याच्या शेजारी बसली. सावळीरामनं आदल्या दिवशी हर्षलला सगळं सांगून भाषण रद्द करायची विनंती केली होती. पण पत्रिका छापून झाल्या होत्या आणि पत्रिकेवर सावळीरामच्या नावाखाली 'पुठ्ठ्यावरून शिखराकडे' असं होतं.

तो उभा राहिला. प्लॉटपर्यंत ठीक गेलं. मग सभागृहात नेहमीसारखी शांतता पसरली आणि त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "त्या रात्री पोटात अन्नाचा कण नव्हता."

तानुबाईनं पदर सारखा केला. एवढंच केलं.

"म्हणजे," सावळीराम म्हणाला, "कण म्हणजे, भाकरी होती."

पाइपवाल्यानं डोळ्यांकडं नेलेला रुमाल खाली घेतला.

"एक भाकरी. दोन. आत्या वाढायची ना, त्यामुळं नक्की सांगता येत नाही. सोबत आमटी असायची. भरीत असायचं, म्हणजे वांगी असली तर. नसली तर पिठलं. पुठ्ठ्यावर मी एकदा झोपलो, पण ते किल्ली हरवली म्हणून. ती नंतर खिशात सापडली." तो घोटभर पाणी प्याला. "आणि मामा कामावरून येताना कोंबडी आणायचे. मी खायचो. मामांना रस्सा उरायचा."

पहिल्या रांगेतून तानुबाई सहज स्वरात म्हणाली, "दिवाळीला पुरनपोळी."

"दिवाळीला पुरणपोळी," सावळीराम माइकमधून म्हणाला.

सभागृहात कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. लोकांना वाटलं हा नवा प्रकार आहे. सावळीराम हसला नाही. प्लॉट वडिलांचा, पहिली ऑर्डर मेहुण्याची, आणि आता कारखाना बायको चालवते, मला त्यातलं फार कळत नाही, असं सांगून तो खाली उतरला. टाळ्या पडल्या, पण कुणी डोळे पुसले नाहीत. तानुबाईनं पिशवीतून रुमाल काढून त्याला घाम पुसायला दिला. मग म्हणाली, "वांगी तुला आवडायची न्हाईत. तरी खायचास. ते न्हाई सांगितलंस." पण ते ती रागानं म्हणाली नाही.

त्यानंतर सावळीरामला बोलावणी येईनाशी झाली. त्याच्या जागी मंडळाला एक तरुण मिळाला, त्यानं म्हणे कोविडात स्वतःचे केस विकले होते. जाकीट कपाटात गेलं. सावळीराम रोज सकाळी कारखान्यात जायला लागला आणि मैना सांगेल ते करायला लागला. पहिले काही दिवस अपमान वाटला, मग भूक चांगली लागायला लागली. रविवारी तो आत्याकडं जेवायला जाऊ लागला. भजनी मंडळातल्या बायकांनी त्याला जेवताना बघावं म्हणून तानुबाई दार उघडं ठेवायची.

द्राक्षाच्या हंगामात एका दुपारी हर्षल कारखान्यात आला. महिला दिन जवळ आला होता.

"मॅडम, तुमचा प्रवास लोकांपुढं यायला हवा," तो मैनाला म्हणाला. "एका सामान्य गृहिणीनं..."

"ट्रक भरायचाय," मैना म्हणाली. "दोन माणसं आली नाहीत. गाडी पाचच्या आत पिंपळगावला पोचली पाहिजे. तुम्ही त्या बाजूनं धरा, हे या बाजूनं धरतील. मग बोलू."

हर्षलनं इकडंतिकडं पाहिलं, घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि त्या बाजूनं धरलं. सावळीरामनं या बाजूनं धरलं. दोघांनी मिळून गठ्ठे चढवले, थरावर थर लावले. हर्षल घामानं भिजला. शेवटचा गठ्ठा चढल्यावर त्यानं ड्रायव्हरला मोबाइल दिला, ट्रकपुढं उभं राहून फोटो काढून घेतला आणि तिथल्या तिथं तो सगळ्या ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, 'नेतृत्व म्हणजे स्वतः ओझं उचलणं.' अंगठे यायला लागले.

मैना ऑफिसातून बाहेर आली. ट्रकभोवती एक फेरी मारली, वरच्या थरांकडं मान वर करून बघितलं.

"हे नटबोल्टांचे गठ्ठे आहेत," ती म्हणाली. "द्राक्षांचे तिकडं, भिंतीशी."

दोघांनी भिंतीकडं बघितलं. मग सावळीराम निमूट ट्रकवर चढला आणि वरून गठ्ठे खाली द्यायला लागला.