नसलेल्या मुलीचा नंबर

मी नंदाखालजवळच्या एका लहान शाळेत क्लार्क होते. ऑफिसात एकच कॉम्प्युटर. पालकांचे नंबर, मुलांचे मार्क, सगळं त्यातच. पासवर्ड शाळेच्या नावापुढे एक-दोन-तीन, तोही दुरुस्तीवाल्यानेच टाकून दिलेला. विरारला त्याचं दुकान होतं. दुकानात बसून आमचा कॉम्प्युटर उघडता येईल अशी सोय त्याने करून ठेवली होती. "मॅडम, तुम्हाला त्रास नको," म्हणायचा.

मग पालकांना क्लासवाल्यांचे फोन यायला लागले. त्यांना मुलांची नावं ठाऊक, मार्कही ठाऊक. नववीतल्या एका मुलीच्या घरी फोन गेला तो नेमका तिच्या काकांनी उचलला. गणितातले सहा मार्क वाडीभर झाले. मुलीने शाळेत येणंच बंद केलं.

तिची आई ऑफिसात आली. "आमचा नंबर कोनी दिला? तूच ना? तूच बसते इथं."

मुख्याध्यापिका तिच्यासमोरच मला म्हणाल्या, "तुमच्याशिवाय त्या कॉम्प्युटरला हात कोण लावतं?" माझ्याकडून लेखी खुलासा घेतला. रविवारी चर्चमध्ये मिसाला गेले, तर बाकावर माझ्या शेजारी कोणी बसेना.

मी रडले नाही. नवं सिमकार्ड घेतलं आणि जुन्या फोनमध्ये घातलं.

दुरुस्तीवाला शनिवारी यायचा होता. तो येण्याआधी अर्धा तास मी आठवीच्या यादीत एक मुलगी घातली. ती कुठल्याच वर्गात नव्हती. गणितात चार मार्क दिले, पुढे नव्या सिमचा नंबर. तो आला, तासभर एकटा बसला, चहा पिऊन गेला. तो गेल्या गेल्या मी ते नाव पुसलं.

मंगळवारी दुपारी जुना फोन वाजला. क्लासवाला होता. "मॅडम, तुमची मुलगी गणितात फारच कच्ची आहे..." मी सगळं बोलणं रेकॉर्ड केलं. मग ते आनंदाने दोनदा ऐकलं.

पोलिसांत जाण्याआधी मला दुरुस्तीवाल्याचा चेहरा बघायचा होता. पालकसभेला त्याला बोलावलं. कॉम्प्युटरबद्दल दोन शब्द बोला म्हटलं. इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी माईकसमोर ते बोलणं लावलं आणि सांगितलं, "ही मुलगी फक्त एका शनिवारी, ह्यांच्यासमोरच्या स्क्रीनवर होती."

तो माझ्या कानाशी आला. "मॅडम, आत बसून बोलू ना."

"नाही. इथेच. मलाही पालकांसमोरच विचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी तक्रार दिली. पोलीस ठाण्याच्या बाकावर तो बसला होता तेव्हा काही काम नसताना दोनदा समोरून गेले. मग नायगावपासून मनवेलपाड्यापर्यंत तो जिथे जिथे जायचा, त्या प्रत्येक शाळेला फोन करून त्याची ती सोय काढून टाकायला सांगितली. मधेच त्याच्या बायकोचा फोन आला. रडत होती. मी शेवटपर्यंत ऐकलं आणि पुढच्या शाळेचा नंबर लावला.

मुख्याध्यापिकांनी खुलासा फाडला, पण सभेत माफी मागितली नाही. ती नववीतली मुलगी परीक्षेपुरती आली, माझ्याकडे बघितलं नाही. तिच्यासाठी मी काय केलं, हे तिला कधी कळलं की नाही, ठाऊक नाही. खरं तर बरंचसं मी माझ्यासाठीच केलं.

कुमसाराला, पापं कबूल करायला, गेले तेव्हा फादर म्हणाले, "आता त्याला क्षमा कर."

"करीन," मी म्हटलं, "अजून दोन शाळा राहिल्यात."