शेवटच्या खाचरातली पिल्लं

आमच्या गावामागे दगडाची एक जुनी खाण आहे. दगड काढायचं थांबल्यावर तिच्यात पावसाचं पाणी साचत गेलं, कडेने करवंदीची आणि घाणेरीची झुडपं माजली, आणि त्या झुडपांना लागून आमची भातखाचरं. मी बारावीला असताना पनवेलच्या खांदा कॉलनीतली काही मंडळी दर रविवारी तिथे यायला लागली. त्यांनी प्लॅस्टिक वेचलं, देशी झाडं लावली, राडारोडा टाकायला येणाऱ्या डंपरवाल्यांशी भांडून वाटेवर लोखंडी फाटक बसवलं. त्या जागेला ते राखीव रान म्हणत. आम्ही खाणच म्हणायचो. फाटकाची किल्ली आमच्या घरी असायची, कारण आमचं घर सगळ्यांत जवळ. किल्ली द्यायला जाता जाता मीही त्यांच्यातली झाले.

ही गोष्ट घडली तेव्हा मी बारावी संपवून पनवेलच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं, त्यामुळे उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नसे. खाणीवर मात्र मराठीत विचारता यायचं. तिथल्या मंडळींचं पुढारपण एका निवृत्त शिक्षिकेकडे होतं. सगळे त्यांना बाई म्हणत.

बाईंचे दोन नियम होते. पहिला, प्राणी दिसला की हात मागे. खरोखरच पाठीमागे, शाळेतल्या प्रार्थनेला उभं राहिल्यासारखे. आदल्या वर्षी एका जोडप्याला गवतात सशाची पिल्लं दिसली होती. आई टाकून गेली असं समजून त्यांनी ती बुटांच्या खोक्यातून घरी नेली, ड्रॉपरने दूध पाजलं. पिल्लं जगली नाहीत. सशाची मादी दिवसभर पिल्लांपासून लांबच राहते, हे बाईंनी नंतर सांगितलं. तेव्हापासून हा नियम. गावातली पोरं फाटकाबाहेरून आम्हाला बघून हात मागे बांधून चालून दाखवायची.

दुसरा नियम, खात्री नसेल तर 'बहुतेक' म्हणायचं. हा नियम मला फार आवडला होता. मला कशाचीच खात्री नसायची.

ती ऑक्टोबरअखेर होती. पावसाळा सरला की खाणीवर रोज काहीतरी नवीन दिसतं. धोबी पक्षी येऊन दाखल झाले होते आणि काठावरच्या खडकांवर शेपट्या हलवत फिरत होते. आमच्या तयार भातावर मुनियांचे थवे उतरत. कॉलनीतली मंडळी दुर्बिणी लावून खूश. बाबा म्हणाले होते, "तुज्या पावन्यांना सांग, बगून झाले की हाकलून पन द्या."

त्यातच एका रविवारी पाण्याकाठच्या चिखलात ठसे दिसले. मांजराचे असावेत तसे, पण आमच्या मनीपेक्षा मोठे. बाईंनी शेजारी पेन ठेवून फोटो काढला आणि म्हणाल्या, बहुतेक रानमांजर. गावात मात्र वेगळीच बोलणी सुरू होती. कुणाचं तरी कुत्रं नाहीसं झालं होतं. कळंबोलीहून रात्रपाळी करून मोटरसायकलवर येणाऱ्या एकाला रस्ता ओलांडणारं काहीतरी दिसलं होतं. दोन्ही मिळून चार दिवसांत वाघ झाला. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. बायका शेतावर एकट्या जाईनात.

कापणी थांबवता येण्यासारखी नव्हती. आमच्याकडे ती मजुरीवर होत नाही. आज सगळे एकाच्या शेतात, उद्या सगळे दुसऱ्याच्या. आमची पाळी आली त्या दिवशी सकाळपासून डोंगराच्या बाजूला ढग होते. परतीचा पाऊस कापलेल्या भातावर पडला तर दाणे काळे पडतात. त्यामुळे सगळे घाईत होते, आणि वाघाच्या भीतीने जवळजवळ राहून कापत होते. उद्याची पाळी थोरल्या काकांची. ते बाबांचे चुलतभाऊ. त्यांचं लक्ष आमच्या भातापेक्षा आभाळाकडेच जास्त होतं.

दुपारनंतर खाणीला लागून असलेलं शेवटचं खाचर उरलं. आत्या पुढे होती. तिचा विळा थांबला आणि ती खाली वाकून कुणाशी तरी बोलावं तशी पुटपुटली. मग उठून वळली, तेव्हा तिच्या पदरात काहीतरी हलत होतं.

भाताच्या बुडख्यात तीन पिल्लं होती. एक तिने उचललं होतं.

वाघाची पिल्लं, असं कोण पहिल्यांदा म्हणालं ते आठवत नाही. पण ते शब्द ऐकून सगळ्या बायका बांधावर चढल्या. एकीने मोबाईल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. मी पुढे गेले आणि आत्याला म्हणाले, हात मागे घे, ते खाली ठेव. माझा आवाज इतका बारीक होता की तिला ऐकूही गेला नसेल.

तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून गुरगुर आली. खालच्या पट्टीतली, लांबलेली. एकदाच. त्यानंतर वाऱ्याने भात सळसळलं तरी बायका दचकत होत्या.

थोरल्या काकांनी त्यांच्या मुलाला घरी पिटाळलं. दिवाळीसाठी आणलेले सुतळी बॉम्ब घेऊन ये म्हणाले. दोन-चार जाळीत फेकले की आत जे काही आहे ते पळेल, पिल्लं पाटीत घालून फॉरेस्टवाल्यांना देऊ, आणि अंधाराच्या आत खाचर उरकू. यात वेडंवाकडं काहीच नव्हतं. बायकामुलं उभी होती तिथे. पण आई एकदा बॉम्बने पळाली की ती पिल्लांकडे परत येईल का, हे मला माहीत नव्हतं. बुटांचं खोकं मात्र आठवत होतं.

बाईंना फोन लावला. बंद. खाणीवर येणाऱ्या मंडळींतल्या, बँकेत काम करणाऱ्या एका काकांना लावला. ते उचलेनात.

आत्या पदरातलं पिल्लू घेऊन बांधाला टेकून बसली होती, मग मी त्या पिल्लासमोर जाऊन खाली बसले. मातकट रंग. अंगावर पुसट पट्टे, ठिपके नाहीत. शेपटीला काळी कडी. कान टोकदार. बिबट्याच्या पिल्लाला ठिपके असतात, हे मी वाचलं होतं. पण बिबट्याचं पिल्लू मी फक्त चित्रात पाहिलं होतं, आणि तेही कॉलेजच्या लायब्ररीतल्या पुस्तकात, जिथे छपाई इतकी काळी होती की सगळेच प्राणी सारखे दिसत. आणि ती गुरगुर. एवढी मोठी गुरगुर मांजराची असते का? मला ठाऊक नव्हतं.

"रानमांजर आहे," मी म्हणाले. मग सवयीने जोडलं, "बहुतेक."

"बहुतेक?" थोरले काका म्हणाले. "मंग बहुतेक वाघ पन असंल की. कॉलेजात ह्येच शिकवतान काय?"

बांधावर कुणीतरी हसलं. माझे कान तापले. वाटेवर काकांच्या मुलाची सायकल दिसायला लागली होती.

बाबांनी हातातला विळा खाली ठेवला. ते माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं बोलले.

"बाय, तू म्हनशील तर मी या बायांना परत खाचरात उतरवीन. तुज्या शब्दावर. तवा बहुतेक नको सांगू."

मी त्यांच्याकडे बघितलं. समोर पिल्लू घेतलेली आत्या होती, बाबांच्या मागे बांधावर शेजारच्या काकू होत्या, त्यांची धाकटी लेक होती. चुकले तर काय होईल ते सगळं माझ्यासमोर उभं होतं. बाईंनी कधी असं सांगितलं नव्हतं की 'बहुतेक' चालणारच नाही तेव्हा काय करायचं. मी पुन्हा शेपटीकडे पाहिलं. कडी होती. कान पाहिले. ठिपके शोधले, पोटावर, पायांवर. नव्हते.

"रानमांजर हाय, बाबा. वाघ नाय."

ते उठले. सायकलवरून उतरलेल्या पोराला म्हणाले, ते बॉम्ब लक्ष्मीपूजनाला लावा. आत्याला सांगितलं, उचललास तिथंच ठेव. मग पिल्लांभोवतीच्या भाताकडे बोट करून म्हणाले, हा तुकडा सोडून बाकीचं कापा, आणि त्या टोकाकडून सुरू करा.

थोरले काका चिडले. सोडलेला तुकडा उद्या कोण कापणार, उद्या सगळे त्यांच्याकडे. बाबा म्हणाले, माझा मी कापीन. पावसात आडवा झाला तर? झाला तर झाला.

आत्याने पिल्लू ठेवलं, मागे सरली आणि मला दाखवून दोन्ही हात पाठीमागे बांधले. "झाला तुज्या बाईंच्या मनासारखा?" ती थट्टाच करत होती. पण नंतर कापताना त्या तुकड्याच्या बाजूला आल्या की बायका थबकून हात मागे घ्यायच्या, आणि त्यांतल्या काही हसत नव्हत्या. सगळ्यांच्या माना मात्र जाळीकडेच वळलेल्या. मी विळा चालवत होते, पण माझं लक्ष कापण्यात नव्हतं. जाळीत पान हललं की माझा विळा थांबत होता. मी चुकले असेन तर आत्ता, असं प्रत्येक वेळी वाटत होतं.

काही झालं नाही. भारे बांधून झाले, सगळे गेले. बाबा आणि मी खाणीच्या फाटकापाशी बसलो. तिथून तो तुकडा दिसत होता. कापलेल्या मोकळ्या खाचरात एवढंच भात उभं, विसरून गेल्यासारखं.

ऊन गेल्यावर ती आली. जाळीतून आधी डोकं, मग बराच वेळ काहीच नाही, मग सगळी. उंच पायांची, सडपातळ, धुळीच्या रंगाची. शेपूट आखूड. मांजर. मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी फाटकाच्या गजाला धरून राहिले. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि पुडीतली तंबाखू हातावर घेतली.

तिने एक पिल्लू मानेला धरून नेलं. परत आली, दुसरं नेलं. मग पाऊस आला, आणि ती परत आली नाही.

तिसरं ओरडायला लागलं. बारीक, एकसारखं. आत्याने पदरात घेतलं होतं ते हेच का, हे सांगता येत नव्हतं, पण मला तेच असेल असं वाटत होतं. माणसाचा वास लागला म्हणून सोडलं असेल. किंवा पावसामुळे थांबली असेल. पाऊस वाढला. अंधार पडत आला.

"उचलू का?" बाबांनी विचारलं. "घरी टोपलीत ठेवू. सकाळी आनून सोडू."

दुपारी ज्यांनी माझ्या शब्दावर माणसं उतरवली होती, ते आता मला विचारत होते. मला हो म्हणायचं होतं. टोपली, जुनं फडकं, चुलीजवळची ऊब, सगळं डोळ्यांपुढे आलं.

"नको," मी म्हणाले. "आपण इथे बसलोय तोवर ती येणार नाही. जाऊया."

आम्ही निघालो. ओट्यावर पाय धुताना अजून ऐकू येत होतं. नंतर पावसाचा आवाज एवढा झाला की दुसरं काही ऐकू येईना. तो आवाज पावसात बुडाला की थांबला, हे कळायला मार्ग नव्हता.

सकाळी पाऊस ओसरला होता. तो तुकडा आडवा झाला होता, थोरले काका म्हणाले होते तसाच. जमिनीवर काही ठसे राहिले असतील तर ते धुऊन गेले होते. थोरल्या काकांकडे जायच्या आधी बाबांनी विळा घेतला आणि मला बरोबर बोलावलं. त्यांनी लगेच कापलं नाही. झोपलेलं भात हाताने बाजूला करत, मूठमूठ ताटांची एकेक चूड उचलून खाली बघत ते पुढे सरकले. मी त्यांच्या मागे. पिल्लांची जागा आली. चेपलेलं गवत, पिल्लांच्या अंगाने झालेला खळगा, आणि त्यात पाणी.

बाबा बराच वेळ तिथे वाकून होते.

"काय नाय," ते म्हणाले. "केस पन नाय. कुत्र्यानं नेलं असता तर कायतरी सोडलं असता." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आईनं नेलं असंल."

मला त्या वेळी 'असंल' नको होतं. नेलं, एवढंच ऐकायचं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना तेवढंच माहीत होतं, आणि ते तेवढंच म्हणाले.

मी दुसरा विळा घेतला आणि आम्ही तो तुकडा कापायला लागलो.