गाडीचा हार

"हिच्या बापानं जोखीम घेतली नाही, म्हणून ही आज ट्रे धरून उभी आहे."

वाक्य माइकवरून आलं. अकोल्यात, भाऊसाहेबांच्या स्वतःच्या हॉटेलात, भरल्या हॉलमध्ये. ट्रे माझ्या हातात होता, त्यात पाहुण्यांना द्यायचे गुलाब. त्यांनी बोट दाखवलं तसा कॅमेरा माझ्याकडे वळला. मागच्या पडद्यावर माझं तोंड आलं, भिंतीएवढं.

"आम्ही दोघं एकाच हातगाडीवर फुलं विकायचो. मी उडी मारली, तो काठावर बसला. तुम्हाला तुमच्या पोरीच्या हातात ट्रे पाहिजे की कारची चावी?"

टाळ्या. मी हसले. नोकरीत हसावं लागतं, आणि पडद्यावरचं ते माझं हसू सगळ्यांच्या आधी मलाच दिसलं. त्याची किळस अजून गेलेली नाही.

भाऊसाहेब कोण, हे अमरावतीत कोणत्याही ऑटोवाल्याला विचारा. सांगेल, शून्यातून उभा राहिलेला माणूस. हे शून्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे. राजापेठेत रस्त्याच्या कडेला उभं असायचं. निळ्या रंगाचं, चार चाकांचं. माझ्या बाबांची हातगाडी.

आमचं वावर चांदूर रेल्वेकडे. झेंडू आणि शेवंती. बाबा राजापेठेत गाडी लावायचे आणि गावातलाच हा तरणाबांड गडी त्यांच्यासोबत विकायला यायचा. मी त्याला काका म्हणायची.

आमच्याकडे एक रीत होती. दसऱ्याला लोक हत्यारं पुजतात, मोटारी पुजतात. आमचं हत्यार ती गाडी. संध्याकाळी माल संपला की ती धुवायची आणि मागे ठेवलेला शेवटचा हार तिला घालायचा. तो हार विकायचा नाही. कितीही मोठं गिऱ्हाईक येवो, कितीही भाव देवो. बाबा म्हणायचे, "वर्षभर आपलं घर ओढते. आज तिचा मान."

एका दसऱ्याला या काकाने गावाचा सगळा झेंडू शब्दावर उचलला. "अकोल्याले भाव हाय. एका दिवसात नशीब पलटवतो सगळ्यायचं." बाबांनी अडवलं. "सगळ्यायचा माल एका ट्रकात नको घालू बाप्पा." ऐकतो कोण? तो गेला. अकोल्यात त्या दिवशी अख्ख्या वऱ्हाडाचा झेंडू येऊन पडला होता. संध्याकाळी फुलं रस्त्याच्या कडेला ओतली गेली, गायींनीसुद्धा तोंड फिरवलं. आणि आमचा धाडसी काका तिथूनच सुरतेच्या गाडीत बसला.

गाव पैशासाठी आमच्या दारात आलं. दुसरीकडे कुठे जाणार? ट्रकात बसून गेलेला माणूस आमच्या गाडीवरचा होता. दार वाजायचं, बाबा उठायचे, आणि येईल त्याला एकच सांगायचे, "मी हाव ना." नाल्याकडचं वावर विकलं. विहिरीजवळचं तेवढं राहिलं. कोणाला बुडू दिलं नाही त्यांनी.

काठावर बसलेला माणूस तो हा.

सुरतेहून काका परतला तो भाऊसाहेब होऊन. मग प्लॉट, मग कॉलेज, मग हॉटेल. एक वॉटर पार्कही काढला, ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा टँकर येतो त्या गावात. आज त्या घसरगुंडीखाली बकऱ्या सावलीला बसतात. त्याबद्दल भाऊसाहेब भाषणात म्हणतात, "अपयशानं मला शिकवलं." शिकले हे. जमिनी गेल्या त्या गावाच्या.

बाबा वारले, तेव्हा भाऊसाहेबांचा टेम्पो आला आणि गाडी घेऊन गेला. आठवण म्हणून पाहिजे होती म्हणे. मायला वाटलं, मोठ्या घरी गेली, पूजा होईल. मला त्यांच्या अमरावतीच्या ऑफिसात नोकरी मिळाली. गाडी त्याच ऑफिसच्या दर्शनी हॉलमध्ये बसवली, चाकं बोल्टने फरशीला आवळून. खाली पितळी पाटी: 'येथून सुरुवात'. वर हार घातला तो प्लास्टिकच्या झेंडूचा. बारमाही. धूळ बसली की ओल्या फडक्याने पुसतात.

यंदा भाऊसाहेबांना ट्यूलिप उगवायचे होते. आमच्या गावात. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत काचघरात हिमालय. आशियातलं सगळ्यात मोठं काचघर. आशियाच्या खाली ते उतरतच नाहीत. घोषणा ठरली, 'जमीन तुमची, स्वप्न माझं'. म्हणजे गावाने जमिनी बँकेकडे गहाण ठेवायच्या, विहिरी द्यायच्या आणि भागीदार म्हणून सही करायची. भाऊसाहेबांनी काय ठेवायचं? त्यांनी स्वप्न ठेवलं होतं ना.

मुहूर्त दसऱ्याच्या संध्याकाळचा. राजापेठेत फुलं विकून गाव थेट ऑफिसच्या हॉलमध्ये येणार, गाडीसमोर सह्या होणार. त्याआधी मी बोलायचं. भाऊसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "दोनच वाक्यं. 'माझे बाबा घाबरले. तुमी घाबरू नका.' गाव तुह्यं ऐकते."

मी म्हटलं, "बाबा घाबरले नव्हते."

ते मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "पोरी, ज्याची गोष्ट मोठी, त्याची खरी."

सही करणाऱ्यांत माय होती. विहिरीजवळचं वावर तिच्या नावावर. आम्हाला उरलेलं तेवढंच. मी तिला घरी समजावलं होतं. ती म्हणाली होती, "त्यानं तुले नोकरी देल्ली. आता नाई कसं म्हनाव?"

संध्याकाळी ती गावाबरोबर आली. हातात पिशवी. पिशवीत हार. गाडी दिसणार म्हणून तिने दिवसभर गिऱ्हाइकांना नाही म्हणत तो मागे ठेवला होता. सरळ गाडीकडे गेली आणि प्लास्टिकचा हार काढायला हात लावला. मॅनेजर धावला. "ओ मावशी, हात लावू नका! खऱ्या फुलांचे डाग पडतात."

"आमचीच गाडी हाय बाप्पा."

भाऊसाहेब बँकेच्या साहेबांना घेऊन शेजारीच उभे होते. हसले. "वहिनी, ही आता गाडी नाही. ब्रँड आहे. जा, बसा तिकडे."

साहेबही हसले. माय हार परत पिशवीत कोंबायला लागली. घाईघाईने, चोरी पकडल्यासारखी. दार वाजवून वाजवून गाव थकलं, पण आमच्या घरात कोणी मान खाली घातली नव्हती. ती मायने आज घातली. का, तर स्वतःच्या गाडीला हार आणला म्हणून.

माझं नाव पुकारलं. मी आधी मायकडे गेले. पिशवीतून हार घेतला. गाडीवरचा प्लास्टिकचा ओढला. तो तारेने आवळलेला होता, बोट कापलं. ओढून फेकला. खरा हार गाडीला घातला. मग माइक धरला.

"हे गाडी माह्या बाबाची हाय. अकोल्याले माल या भाऊसाहेबायनं नेला. बुडाला तवा हे सुरतेले पयाले, अन् दार आमचं वाजलं. इथं बसलेले कितीक जन त्या दारात आल्ते, तुमाले ठाव हाय. सही करा, नाई तं नका करू. पन आदी यायले एक इचारा. बुडालं तं दार कोनाचं वाजवाचं?"

बँकेचे साहेब बुटांकडे बघायला लागले. आशियाएवढं बोलणारे भाऊसाहेब एवढंच म्हणाले, "माइक बंद करा."

गाव उठून माझ्या मागे आलं, असं काही झालं नाही. काहींनी पेन खाली ठेवलं. काहींनी मान चुकवत सही केली. माझा सख्खा चुलता सही करून म्हणाला, "पोट्टी जळते." माय उठली. सही न करता उठली. "चाल," म्हणाली. दारावर गार्डने माझं ओळखपत्र काढून घेतलं. नोकरी तिथेच संपली. तो हारही त्यांनी रात्रीच कचऱ्यात टाकला असेल आणि प्लास्टिकचा परत चढवला असेल. चढवोत.

आता त्यांची पुढची सभा अकोल्याकडच्या एका गावात आहे. पुन्हा तोच पडदा, तीच उडी, तोच काठावरचा बाप. सभा सगळ्यांना खुली असते, खुर्च्या भरायच्या असतात ना. मी जाणार. हाकललं तर मंडपाबाहेर उभी राहीन. त्याच्या पुढच्या गावातही जाणार. भाऊसाहेबांच्या उडीचं मला कौतुक नाही आणि त्यांची भीती तर अजिबात नाही. ट्रे मी खाली ठेवलेला आहे. माझ्याकडे आता एकच प्रश्न आहे, आणि त्यांनी पुरं गाव ऐकेल असं उत्तर देईपर्यंत मी तो विचारत राहणार.

भाऊसाहेब, बुडालं तं दार कोनाचं वाजवाचं?