बाबांसाठी पिस्तूल

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. नवरा म्हणतो, तुला प्रसादाच्या लाडवातही खडा दिसतो. दिसतो, कारण असतो. इथे परदेशात, फ्रिस्कोत घर घेतल्यापासून तर मला जास्तच दिसायला लागलं. सोलर विकायला आलेला माणूस छपराकडे कमी आणि माझ्या खांद्यावरून हॉलमध्ये जास्त बघत होता. गवत कापायला येणाऱ्यांतल्या एकाने मागच्या गेटची कडी दोनदा काढून लावून पाहिली. एकदा समजू शकते. दोनदा कशाला?

त्यात मार्चमध्ये आमच्याच रस्त्यावरची दोन घरं भरदिवसा फुटली. दोन्ही आपल्या लोकांची. दारावर तोरण आणि पायरीवर चपलांचा ढीग असला की आत सोनं असतं, हे आता चोरांनाही पाठ झालंय. मेल्यांनी टीव्हीला बोटही लावलं नाही, थेट बेडरूममधलं कपाट गाठलं. मी त्याच संध्याकाळी तोरण काढलं, चपला आत घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सोनं बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन टाकलं. पण बाबांना कुठल्या लॉकरमध्ये ठेवणार?

बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काटकुळे, सगळी नोकरी पोस्टात झालेली. नवरा सोमवार ते गुरुवार कामासाठी दुसऱ्या शहरात, लेक लांब कॉलेजला. चोर घरात शिरला आणि बाबा त्याच्यासमोर आले तर? हा एकच विचार माझ्या डोक्यात घर करून बसला. मी मॅनेजरच्या मागे लागून वर्क फ्रॉम होम घेतलं आणि नवऱ्याला फोनवर सांगितलं, की मी पिस्तूल घेणार आहे. ग्रीन कार्ड आहे, कायद्याने चालतं.

"अगं, तुला साधी पाल मारता येत नाही," तो म्हणाला.

"पाल सोनं चोरत नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या गुरुवारी संध्याकाळी आमच्या रस्त्याच्या ग्रुपवर एक क्लिप आली. चार घरं सोडून राहणाऱ्या एका एकट्या म्हाताऱ्या गोऱ्याने टाकली होती. पहाटेचं करडं, धूसर चित्र. डोक्यावर हुडी ओढलेला एक माणूस त्याच्या घराच्या भिंतीला चिकटून येतो, बरोब्बर खिडकीखाली वाकतो, काहीतरी खुडबुड करतो, इकडेतिकडे बघतो आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन निघून जातो. खाली लिहिलं होतं, हा तिसऱ्यांदा आलाय, पुढच्या वेळी मी तयार असेन. माझ्या अंगावर काटा आला. मी ताबडतोब उत्तर टाकलं, अगदी बरोबर करताय, आम्हीही तयारीला लागलोय.

बाबांना दाखवावी की नको, असं मला दोनदा वाटलं. म्हातारा माणूस, उगाच घाबरेल. शेवटी जेवताना फोन त्यांच्यासमोर धरलाच. म्हटलं, "बाबा, नीट बघून ठेवा. हा भामटा आपल्या रस्त्यावर फिरतोय. बेल वाजली तरी दार उघडायचं नाही." बाबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं. "हं," म्हणाले आणि ताक मागितलं.

शनिवारी नवरा घरात रुसलेल्या मांजरासारखा फुगून बसला होता. मी बाबांनाच गाडीत घातलं आणि दुकान गाठलं. काउंटरवरचा दाढीवाला माणूस इतका गोड बोलत होता, की मला त्याचाही संशय आला. आधी त्याने एक लहानसं पिस्तूल हातात दिलं. दिसायला सुबक, पण वरचा भाग मागे ओढायला माझी दोन्ही मनगटं पुरेनात. मग रिव्हॉल्व्हर दिलं. ते समजायला सोपं, पण चाप इतका जड की ओढेपर्यंत चोर चहा पिऊन जाईल. शेवटी मधल्या आकाराचं एक पिस्तूल तळव्यात नीट बसलं. ते बसलं याचा मला आनंद झाला, हे कबूल करते.

"तुम्ही कुठे उभ्या असाल?" त्याने विचारलं.

"जिन्याजवळ."

"आणि समोरच्या भिंतीपलीकडे कोण झोपतं?"

मी बाबांकडे पाहिलं. आमच्या घराच्या भिंती म्हणजे रंगवलेला पुठ्ठा. तो म्हणाला, "गोळी भिंत बघून थांबत नाही. आणि अंधारात समोर कोण आहे हे कळल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. घाबरलेला माणूस नेमकं हेच विसरतो."

बाबांना सावकाश बोललेलं इंग्रजी कळतं. त्यांनी माझी बाही ओढली. "त्याला एक विचार," ते हळूच म्हणाले. "इथं फुलं तोडणाऱ्याला गोळी घालतात का?"

माझ्या हातात ते पिस्तूल तसंच होतं. मी ते काउंटरवर ठेवलं.

सांगलीत बाबा चाळीस वर्षं पहाटे पिशवी घेऊन निघायचे आणि कॉलनीतल्या कुंपणांवरून देवासाठी फुलं तोडून आणायचे. देवाला वाहिलेलं फूल चोरीचं नसतं, असा तिथला कायदा. मालकांनाही माहीत असायचं, फार तर आतून कुणीतरी खाकरायचं. इथे लोक गुलाब लावतात ते नेमके खिडकीखाली. थंडी म्हणून बाबा नवऱ्याची जुनी हुडी घालून जात होते. आणि मी रोज देवघरातली फुलं बघून आपल्याच मागच्या दोन झाडांचं कौतुक करत होते!

"मग गुरुवारी बोलला का नाहीत?" मी दुकानातच ओरडले.

"तू भामटा म्हणालीस," बाबा म्हणाले. "सुनेसमोर काय सांगू, तो मीच म्हणून?"

मला इतका राग आला, त्यांचा, माझा, त्या क्लिपचा, की रडूच फुटलं. साऱ्या जगावर संशय घेतला आणि घरातला माणूस मला पाठीवरून ओळखता आला नाही.

पिस्तूल न घेताच आम्ही निघालो ते थेट त्या म्हाताऱ्याच्या दारी. बाबांना म्हटलं, हुडी नको, टोपी नको, तोंड दिसलं पाहिजे. बेल वाजवली. दार वीतभरच उघडलं. त्याचा उजवा हात दाराआड होता आणि तो त्याने शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. बाबांनी हात जोडले. मी सगळं सांगितलं, देव, फुलं, सांगली. "हे माझे वडील आहेत," असंच माझ्या तोंडून गेलं.

त्याने बाबांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "काल पहाटे पाचपासून मी त्या खिडकीत बसलो होतो. दिवे घालवून. ते आले नाहीत."

काल बाबा गेले नव्हते. क्लिप पाहिली होती म्हणून.

"काय म्हणतोय तो?" बाबांनी विचारलं. मी त्यांचा दंड घट्ट धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.