उनपदेवच्या झऱ्यावर काढलेला फोटो

माझ्या थोरल्या बहिणीचा सबंध आयुष्यात एकच फोटो निघाला, आणि तो काढायला मी मदत केली. हे लिहितानाही माझे कान तापतात.

पहिलं महायुद्ध संपून दोनेक वर्षं झाली असतील. मी जळगावला मॅट्रिक होऊन गावी येऊन बसलो होतो. नोकरीसाठी अर्ज करत होतो, उत्तरं येत नव्हती. आमचं गाव अडावदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. अक्काला सावद्याला दिलेली. पहिल्या मुलीच्या बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही हातांना इसब झालं. बोटांना भेगा पडायच्या, त्यांतून पाणी गळायचं. भाकरी थापता येईना, म्हणून सासूने तिला माहेरी धाडलं. गावच्या वैद्याने सांगितलं, महिनाभर उनपदेवला नेऊन ऊन पाण्यात हात धरा.

उनपदेवला डोंगराच्या कुशीत एक दगडी गोमुख आहे. त्यातून बारा महिने गरम पाणी पडतं आणि खालच्या कुंडात साठतं. आई, अक्का, तिची वर्षाची मुलगी आणि मी असे तिथल्या एका पडवीत राहिलो. सकाळी अक्का गोमुखाखाली हात धरून उभी राहायची. नंतर आई त्यांना लिंबाच्या पाल्याचा लेप लावून जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळायची.

एका सकाळी घोड्यावरून एक साहेब आला. मागच्या बैलगाडीत मोठा कॅमेरा, त्याचं तिकाटणं आणि पेट्या. जगातल्या अजब जागांचे फोटो काढत तो देशोदेशी फिरत होता. नुकताच फरकांड्याचे झुलते मनोरे पाहून आला होता. एक मनोरा हलवला की दुसरा आपोआप हलतो, हे तो मलाच हातवारे करून सांगत होता, जणू फरकांडं त्याच्या मुलखात आणि मी परका. मग त्याने आपला आल्बम उघडला. आइसलंडमध्ये जमिनीतून ताडासारखं उसळणारं पाणी. इटलीतला कललेला मनोरा. इजिप्तचे पिरॅमिड. मी हरखून गेलो. माझ्याशी कोणी साहेब बरोबरीने बोलतोय, माझं इंग्रजी त्याला समजतंय, याचीच मला धुंदी चढली.

त्याने अक्काकडे बोट दाखवून विचारलं, "या बाईच्या हातांना काय झालं?"

इसबाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "फार वाईट चामडीचा रोग."

त्याने मान हलवली आणि तिकाटणं उभं केलं. अक्काने मला हाक मारली. शाळेत गेल्यापासून मी पुस्तकी मराठी बोलायला लागलो होतो, ती गावचीच बोलायची. "भाऊ, हाऊ काय करी ऱ्हायना?"

"झऱ्याचा फोटो काढतोय. तू नुसते हात पुढे धर."

"मना फोटो नको."

"अगं, तू दिसणारसुद्धा नाहीस. पाण्याचा फोटो आहे."

हे खोटं होतं. कॅमेरा कुठे रोखला आहे ते मला समोर दिसत होतं. पट्ट्या बांधलेले हात पुढे करून, खाली मान घालून ती उभी राहिली. साहेबाने मान वर करायला सांगितलं. तेही मीच तिला सांगितलं.

महिन्याभरात तिचे हात बरे झाले. ती सावद्याला गेली, मला भुसावळला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी लागली, आणि तो साहेब मी विसरून गेलो.

चौदा वर्षांनी एका दुपारी माझे मेहुणे ऑफिसात आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. त्यांच्या मुलीचं, त्याच पडवीतल्या वर्षाच्या पोरीचं, लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांनी नारळ परत पाठवला होता, आणि नारळाबरोबर एक कार्ड.

"भाऊ, हे काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा," ते म्हणाले.

कार्डावर अक्का होती. कपाळावरचं गोंदण, नाकातली फुली, सगळं स्वच्छ. पट्ट्या बांधलेले हात असे पुढे आलेले, की पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जावी. खाली इंग्रजीत छापलं होतं: 'जगातील अजब ठिकाणे. हिंदुस्थानातील उकळता झरा. महारोगी स्त्री देवापुढे बरे होण्याची भीक मागताना.'

मी ते मेहुण्यांना सांगितलं. त्यांनी कार्ड परत खिशात घातलं. मग म्हणाले, "मुलाच्या मामाने इथूनच घेतलं. तुमच्या फलाटावरून."

मी धावत फलाटावर गेलो. पुस्तकांच्या स्टॉलवर तारेला चिमटे लावून कार्डं टांगलेली होती. पिरॅमिडच्या शेजारी माझी बहीण. तो स्टॉल लागल्यापासून चार वर्षं मी त्यावरून रोज दोनदा जात होतो. एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

"ही कार्डं काढ," मी स्टॉलवाल्याला म्हणालो.

"का म्हणून? मेलच्या उतारूंना हीच आवडतात."

"ही माझी बहीण आहे. तिला महारोग नव्हता."

"मी विकतो राव, छापत नाही," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

मी ती सगळी कार्डं तारेवरून ओरबाडली आणि तिथेच फाडली. त्याने आरडाओरडा केला. वरिष्ठांनी मला बोलावून घेतलं, उभं करून झापलं आणि माफीचा कागद लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी तारेवर नवी कार्डं आली. मी छापणाऱ्या कंपनीला मुंबईला पत्र घातलं. उत्तर आलं ते चार ओळींचं: चित्रातील स्त्रीचं नाव कुठेही दिलेलं नाही, तेव्हा कोणाची बदनामी होण्याचा प्रश्न येत नाही. म्हणजे नाव विचारलं नाही हाच त्यांचा बचाव! त्या दिवशी मी जेवलो नाही. चीड कंपनीची होती, साहेबाची होती, मुलाच्या मामाची होती; पण सगळ्यांत जास्त त्या मॅट्रिक झालेल्या शहाण्याची होती, ज्याला एका शब्दासाठी 'मला येत नाही' म्हणता आलं नाही.

आठवड्याने अक्का मुलीला घेऊन सावद्याहून गाडीने आली. घरी आलीच नाही. उतरली ती सरळ स्टॉलवर गेली आणि मला बोलावणं पाठवलं. मेल थांबली होती, पाय मोकळे करायला गोरे उतारू फलाटावर उतरले होते. अक्काने तारेवरचं एक कार्ड काढलं, आपल्या तोंडाजवळ धरलं, आणि दुसरा हात सगळ्यांसमोर उघडा केला.

"देखा. हाई मी शे. मना हात देखा. माले महारोग नव्हता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू सांग त्यास्ले इंग्रजीमा."

मी सांगितलं. एकही शब्द बदलला नाही. इसबाचा इंग्रजी शब्दही आता मला येत होता, रेल्वेच्या डॉक्टरांना विचारून घेतला होता.

"आनि महारोगी मानूसना तरी असा फोटो इकस का कोनी?" ती म्हणाली.

महारोग्याचा तरी असा फोटो कोणी विकतं का, हेही मी सांगितलं, आणि सांगताना शरमलो. कारण इतके दिवस मी एकच ओरडत होतो, तिला तो रोग नव्हता. ज्यांना होता ते उनपदेवला खालच्या ओहोळावर हात धुवायचे, आणि त्यांच्याकडे मीही तोंड फिरवून जात असे.

एका मडमेने हातातलं कार्ड परत ठेवलं. एक जण हसला. दुसऱ्याने गळ्यातला छोटा कॅमेरा काढला आणि अक्कावर रोखला. माझं डोकंच फिरलं. मी पुढे होऊन त्याच्या कॅमेऱ्यावर पंजा दाबला.

"थांब," अक्का म्हणाली. "इचार त्याले, कोनले इचारीसन काढी ऱ्हायना?"

मी विचारलं. तो लाल झाला आणि कॅमेरा मिटून डब्यात चढला. मेल सुटली. स्टॉलवाल्याने अक्काची कार्डं काढून खाली पेटीत टाकली. पिरॅमिड तसेच राहिले.

मुलाकडच्यांना हे कळलं. 'गैरसमज झाला, आम्ही तयार आहोत' असा त्यांचा निरोप आला. अक्काने साफ नाही म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी मुलगी रावेरच्या बाजूला चांगल्या घरी पडली. उतारूच्या अंगावर हात टाकल्याबद्दल माझी मात्र धुळ्याच्या मालधक्क्यावर बदली झाली. भुसावळला परतायला मला सात वर्षं लागली. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते अक्काच्या एका वाक्याचं. त्या दिवशी सावद्याच्या गाडीत बसल्यावर खिडकीतून ती म्हणाली, "भाऊ, तुले इंग्रजी येत व्हती. तू माले खरं सांगं नही." पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

दुसऱ्या महायुद्धात पलटणींच्या गाड्या भुसावळला थांबायच्या. एका सकाळी डब्याच्या दारात बसलेला एक गोरा शिपाई मांडीवर कार्ड ठेवून लिहीत होता. त्याने ते उलटलं आणि मी अक्काला ओळखलं. त्याने ते मुंबईत घेतलं होतं, आईला पाठवण्यासाठी. मी त्याला म्हणालो, "खाली छापलंय ते खोटं आहे. ही माझी बहीण आहे." मला वाटलं, हसेल. तो विशी-बाविशीचा असेल. त्याने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि छापलेली ओळ पेनने गिरगटून टाकली.

"काय लिहू?" त्याने विचारलं.

मी तिचं नाव सांगितलं. सावद्याची शेतकरीण, हातांना इसब, झऱ्यावर बरं झालं, एवढं सांगितलं. तो लिहीत असतानाच गाडी हलली. त्याने कार्ड माझ्याकडे वळवून दाखवलं. नावातली अक्षरं चुकली होती. गाडीच्या बाजूने धावत, ओरडून, मी त्याला एकेक अक्षर सांगत राहिलो, फलाट संपेपर्यंत.