बंगालच्या उपसागरावरचं प्रस्थान

निवृत्त झाल्यावर मी वैमानिक झालो. बनारसला संकठा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं घर आहे आणि त्याच्या माडीवर माझं विमान. विमान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक जॉयस्टिक, पायाखाली दोन पेडल आणि मुलीची अभ्यासाची जुनी खुर्ची. एवढ्या सामग्रीवर मी दिल्लीहून टोकियोला जातो, लंडनला जातो, आणि जेवायच्या वेळेला खाली येतो.

या खेळात वेळ पळवायची सोय आहे. एक बटण दाबलं की समुद्र भराभरा मागे पडतो आणि दिवसभराचा प्रवास चहाला उकळी फुटेपर्यंत आटोपतो. मी त्या बटणाला कधी हात लावला नव्हता. उभी नोकरी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात गेली, त्यामुळे वेळेशी लबाडी मला खपत नाही. समुद्रावर तासन् तास काहीच घडत नाही आणि मला नेमकं तेच आवडतं. समोर ढग, कानात इंजिनाची घरघर, मधूनच खालच्या देवळातली घंटा. माझं मजेत चाललेलं असतं.

खऱ्या विमानात मात्र मला बसता येत नाही. कानाचं ऑपरेशन झालं तेव्हाच डॉक्टरांनी विमानाचं नाव काढायचं नाही, असं बजावलं होतं. बायकोच्या मते हे बरंच झालं, नाहीतर मी आतल्या पायलटला शिकवायला गेलो असतो.

मुलगी मेलबर्नला असते. तिला दिवस गेले तेव्हा आम्ही हरखलो, आणि लगेच प्रश्न उभा राहिला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला इकडे येणं शक्य नव्हतं, म्हणजे माहेरानेच तिकडे जायला हवं. जावयाला सुट्टी जेमतेम मिळणार होती. मी असा जायबंदी, तेव्हा राहिली बायको. ती जन्मात कधी विमानात बसली नव्हती. एवढा समुद्र एकटीने ओलांडायचा म्हटल्यावर तिने सरळ नाही म्हणून सांगितलं. मुलगी फोनवर म्हणाली, काही हरकत नाही, मी करीन मॅनेज. तिचा तो आवाज फारच समजूतदार होता. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मी वाद घातला नाही. फक्त रोज दुपारी दिल्ली ते मेलबर्न उडवायला लागलो आणि बायकोला म्हटलं, मटार सोलायचेच आहेत तर वर येऊन सोल. ती यायची. पहिल्याच दिवशी तिला कळलं की दिल्लीहून उडालेलं जहाज (विमानाला ती इथल्यासारखं जहाजच म्हणते) परत आपल्याच बाजूला येतं आणि विंध्याच्या अंगाने पुढे समुद्राकडे जातं. यावर ती भलतीच चिडली. बनारसच्या माणसाला आधी दिल्लीला न्यायचं आणि मग त्याच्याच घराजवळून परत आणायचं, हा कुठला कारभार, असं तिचं म्हणणं. हळूहळू तिला बंगालचा उपसागर, सुमात्रा, जावा तोंडपाठ झालं. जहाज हललं तर पडत नाही, हेही तिने मानलं. मानलं म्हणजे, माझ्या जहाजापुरतं.

मुलीने धीर करून सोमवारचं तिकीट काढलं. बायकोने पंचांग उघडलं आणि बंद केलं. सोमवारी पूर्वेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेला निघणं वर्ज्य. तिचं माहेर याच घाटांवरच्या वैदिकांचं. वाईट दिवशी निघायचं म्हणजे तिच्या घशाखाली घास उतरत नाही. मी म्हणालो, दिल्ली तर पश्चिमेला आहे. ती म्हणाली, आणि मेलबर्न कुठे आहे?

यावर जुना उपाय आहे, तो तिलाच माहीत होता. जायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून ती पुरचुंडी मुहूर्तावर घराबाहेर, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. माणूस मागाहून निघाला तरी प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. एकदा ठेवलेलं प्रस्थान मागे आणत नाहीत. आम्ही ते नेहमी समोरच्या घरी ठेवायचो. पण समोरचे लोक घर विकून पुण्याला गेले आणि तिथे आता गेस्ट हाउस आहे. काउंटरवरच्या पोराकडे तांदळाची पुरचुंडी द्यायला तिचं मन घेईना.

शुक्रवारी सकाळी मुहूर्त होता. ती नाहून, पुरचुंडी घेऊन माडीवर आली आणि ती माझ्या कीबोर्डाशेजारी ठेवली.

"हे घेऊन निघा," ती म्हणाली.

मग मी खुर्ची पुढे ओढली. इतकं जपून विमान मी कधी उडवलं नव्हतं. ती पदर खांद्यावरून घेऊन शेजारी बसली होती, मटार नाही की काही नाही. ओडिशा मागे पडलं, किनारा सुटला, खाली निळं पाणी लागलं. मी मनात म्हटलं, जमलं.

आणि गल्लीतल्या तारेवर माकडाने उडी मारली. ठिणग्या उडाल्या, बिजली गेली. इन्व्हर्टर फक्त पंख्यांना आणि दिव्यांना जोडलेला आहे. पडदा काळा पडला.

डोक्यावर पंखा फिरत होता आणि आम्ही दोघं त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलो. याहून वाईट अपशकुन मलाही कल्पिता आला नसता. आता ही जात नाही, मुलगी एकटी पडणार, आणि हे सगळं माझ्या या नसत्या खेळामुळे. मला त्या माकडाचा नव्हे, माझाच राग आला. मी म्हणालो, "चुकलंच माझं. समोरच्या काउंटरवर ठेवलं असतं तर बरं."

तिने ऐकलंच नाही. ती विचार करत होती. मग म्हणाली, "अहो, जहाज कुठवर गेलं होतं?"

"किनारा सोडून समुद्रावर."

"मग झालं की. वेस ओलांडली ना? प्रस्थानाला तेवढंच लागतं. आता ते तिथंच राहू दे, मागे आणू नका बस."

एवढं बोलून ती खाली बॅग भरायला गेली. छत्तीस वर्षांच्या संसारात तिचा इतका अभिमान मला क्वचित वाटला असेल.

खेळ आपली शेवटची जागा लक्षात ठेवतो, म्हणून माझं विमान शुक्रवारपासून सोमवारपर्यंत बंगालच्या उपसागरावर उभं होतं. मी दुसरं कुठलंही उड्डाण केलं नाही, न जाणो ती जागा पुसली जायची. मधेच मुलीने फोनवर आईला बजावलं की तिकडच्या विमानतळावर तांदूळ, सुपारी असलं काही चालत नाही, काढून घेतात. पुरचुंडी तर प्रवाशाने वाटेत उचलून बरोबर न्यायची असते. बायकोने मला सांगितलं, ते तुम्हीच घेऊन या.

सोमवारी सकाळी तिच्या हातावर मी दही घातलं. ती येते म्हणाली आणि मागे वळून न बघता गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीकडे गेली. इथून छोट्या विमानाने ती दिल्लीला पोचली आणि दुपारी तिथून तिचं मोठं विमान सुटलं. फोनवरच्या नकाशात त्याचं चिन्ह विंध्याच्या अंगाने सरकताना दिसलं तेव्हा मी छतावर जाऊन दक्षिणेकडे बघितलं. पतंग होते, बाकी काही नाही. संध्याकाळी ती समुद्रावर पोचली तेव्हा मीही आमचं विमान पुढे सोडलं. रात्री उशिरापर्यंत आम्ही बरोबरीने गेलो. मग माझी पाठ भरून आली. विमान थांबवून मी उरलेली भाजी-पोळी खाल्ली आणि झोपलो. घर फार मोठं वाटत होतं.

पहाटे उठून पुन्हा बसलो. उजाडून बराच वेळ झाला होता आणि खाली ऑस्ट्रेलियाचं तांबडं वाळवंट पसरलं होतं, तेव्हा फोन वाजला. मुलगी होती. आई सुखरूप पोचली होती; विमान दोनदा हललं तेव्हा शेजारच्या बाईला तिनेच धीर दिला म्हणे. मग मुलगी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठे आहात? आईने अजून चहा घेतला नाही. म्हणते, प्रस्थान पोचू दे आधी."

असा नियम कुठल्या पंचांगात नसणार. तिने तो स्वतःच केला असणार. पण माझी बायको उठल्याउठल्या आल्याचा चहा घेतल्याशिवाय कुणाशी बोलत नाही, आणि तिकडे दुपार व्हायला आली होती.

मेलबर्न अजून दोन तास लांब होतं. मी ते बटण दाबलं.

वाळवंट सरसर मागे गेलं, शेतं आली, शहर आलं. वेळ पुन्हा जागेवर आणून मी चाकं उतरवली. उतरलो तो दाणकन, इतका वाईट की पुरचुंडी घरंगळून माझ्या मांडीवर पडली. फोन चालूच होता.

"पोचलं का हो?" बायकोने विचारलं.

"पोचलं," मी म्हणालो.

पलीकडे तिने मुलीला चहा टाकायला सांगितलं, आलं किसून घाल म्हणाली. तो उकळेपर्यंत आणि तिने पिऊन होईपर्यंत मी फोन कानाला लावून बसलो, पुरचुंडी हातात धरून.